तेनोच्तित्लान कुणी जिंकलं?

कोयनाकाठ (धागाकर्ता)

अ‍ॅझ्टेकांच्या पाडावाची गोष्ट आपल्याकडे बहुतेकांना एकाच साच्यात ठाऊक असते. १५१९ साली हेर्नान कोर्तेस पाचशेच्या आसपास माणसं आणि १६ घोडे घेऊन मेक्सिकोच्या किनाऱ्याला लागला, तिथल्या राजाला, मोक्तेसुमाला, तो परत आलेला देव वाटला, पोलादी तलवारी आणि तोफांपुढे कुणाचं काही चाललं नाही, आणि दोन वर्षांत साम्राज्य संपलं. या गोष्टीतून सगळ्यात मोठा पक्षच गाळला गेलाय, असं माझं ठाम मत झालंय. तेनोच्तित्लान पाडणाऱ्या फौजेत स्पॅनिश मूठभर होते. बाकीचे हजारो सैनिक त्याच मातीतले होते, त्यांची वैरं जुनी होती आणि त्यांचे हिशेब त्यांचे स्वतःचे होते.

थोडी पार्श्वभूमी देतो. ज्यांना आपण अ‍ॅझ्टेक म्हणतो ते स्वतःला मेशिका म्हणवत. सरोवरातल्या बेटावर वसलेलं तेनोच्तित्लान ही त्यांची राजधानी. आजची मेक्सिको सिटी तिच्याच डोक्यावर उभी आहे. १४२८ मध्ये मेशिकांनी तेश्कोको आणि त्लाकोपान या नगरराज्यांना सोबत घेऊन आस्कापोत्साल्कोची सत्ता मोडली आणि पुढच्या नव्वद वर्षांत या तिघांचा अंमल मध्य मेक्सिकोभर पसरला. पण अंमल कसा? जिंकलेल्या गावाचा राजा बहुधा गादीवरच राहायचा. त्यानं ठरलेली खंडणी पोचवायची (कापडाचे तागे, कोको, पिसं, मका) आणि मोहिमेला माणसं द्यायची, की झालं. म्हणजे प्रत्येक मांडलिकाकडे आपला राजा, आपली फौज आणि आपला राग शाबूत होता.

आणि काही जण तर जिंकलेच गेले नव्हते. पश्चिमेला पुरेपेचांचं राज्य होतं. पूर्वेला, नेमकं किनाऱ्याकडून राजधानीकडे येणाऱ्या वाटेवर, त्लाश्काला.

त्लाश्काला चहूबाजूंनी मेशिकांच्या मुलखानं वेढलेलं. व्यापार तोडलेला. आमच्याकडे मीठ येत नाही, कापूस येत नाही, असं तिथल्या लोकांनी स्पॅनिशांना सांगितल्याची नोंद आहे. पण म्हणून त्यांनी कोर्तेसचं आरत्या ओवाळून स्वागत केलं का? मुळीच नाही. सप्टेंबर १५१९ मध्ये त्यांनी त्याच्याशी लढाई घेतली, तीही एकदा नाही. घोडे मारले, तळावर रात्री हल्ले केले. स्पॅनिश टेकीला आले होते. त्लाश्कालाला एकच राजा नव्हता. चार घराण्यांचे प्रमुख मिळून कारभार बघत. त्यांच्यात खल झाला आणि या परक्यांना संपवण्यापेक्षा हाताशी धरावं असं ठरलं. या सगळ्या इतिहासाचा सांधा मला इथे दिसतो. कोर्तेसच्या शौर्यापेक्षा त्या बैठकीवर जास्त लिहिलं जायला हवं होतं.

पुढचं बरंच काही मग वेगळं दिसू लागतं. ऑक्टोबरमध्ये चोलुलात निःशस्त्र लोकांची कत्तल झाली. चोलुलानं थोड्याच काळापूर्वी त्लाश्कालाची साथ सोडून मेशिकांचा पक्ष धरला होता, हे कळलं की त्या कत्तलीत कुणाचे कोणते जुने हिशेब चुकते झाले ते ध्यानात येतं. ८ नोव्हेंबर १५१९ रोजी कोर्तेस तेनोच्तित्लानमध्ये शिरला तेव्हा त्याच्या मागे हजारो त्लाश्कालन होते. मे १५२० मध्ये कोर्तेस किनाऱ्याकडे गेलेला असताना त्याचा सरदार पेद्रो दे आल्वारादो यानं तोश्कात्लच्या उत्सवात, ऐन मंदिराच्या आवारात नाचणाऱ्या सरदारांना कापून काढलं आणि शहर पेटलं. ३० जूनच्या रात्री स्पॅनिश जीव घेऊन पळाले. कित्येक सरोवरात बुडाले, सोन्यासकट.

उरलेसुरले पळून गेले ते त्लाश्कालात. जखमी, उपाशी, तोफा गमावलेले. मेशिकांचे दूतही तिथे समेटाचा प्रस्ताव घेऊन पोचले होते. त्लाश्कालाचा तरुण सेनानी शिकोतेंकात्ल याचं मत होतं की मेशिकांशी हातमिळवणी करावी आणि या परक्यांचा निकाल लावावा. चार प्रमुखांपैकी वयोवृद्ध माशिश्कात्सिननं ते हाणून पाडलं. त्या दिवशी मत उलटं पडलं असतं तर कोर्तेसचं नाव आज कुणाला माहीत नसतं.

एकच गोष्ट जरा जवळून बघा. बेटावरचं शहर घ्यायचं तर पाण्यावर ताबा हवा, म्हणून १३ छोटी जहाजं बांधायचं ठरलं. मार्तिन लोपेस नावाचा कारागीर स्पॅनिश होता. पण लाकूड त्लाश्कालाच्या रानातलं, तोडणारे तिथलेच. सुट्या फळ्या, वासे, डोलकाठ्या हजारो हमालांनी खांद्यावर घेऊन डोंगर ओलांडून तेश्कोकोला आणले, पुढेमागे लढवय्यांचा पहारा. शिडं, दोर आणि लोखंडी सामान किनाऱ्यावर मोडलेल्या जहाजांचं. ही रांग तेश्कोकोत शिरायला सहा तासांहून जास्त लागले, असं खुद्द कोर्तेसनंच राजाला लिहिलंय. जहाजं पाण्यात लोटायला कालवा खणला तो तेश्कोकोच्या माणसांनी. मग सांगा, या आरमाराला ‘स्पॅनिश तंत्रज्ञान’ एवढंच म्हणून थांबता येईल का?

१३ ऑगस्ट १५२१ रोजी शेवटचा राजा क्वाउतेमोक होडीतून जाताना पकडला गेला आणि शहर पडलं. तुम्ही या घटनेकडे कसं बघता, वाचायला आवडेल.

पागोळी

लेख आवडला, पण एक पक्ष तुमच्याकडूनही निसटलाय: देवीची साथ. देवीचा रोग १५१८ च्या अखेरीस हिस्पान्योला बेटावर आला होता. १५२० मध्ये कोर्तेसला पकडायला क्यूबाहून पान्फिलो दे नार्वाएसची फौज आली, तिच्यासोबत तो मुख्य भूमीवर उतरला. त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर तेनोच्तित्लानमध्ये साथ दोनेक महिने चालली. मोक्तेसुमानंतर गादीवर आलेला कुइत्लावाक, म्हणजे ज्यानं स्पॅनिशांना हाकललं तोच, जेमतेम ८० दिवस राज्य करून त्यात गेला.

फ्लोरेन्टाइन कोडेक्स या सचित्र ग्रंथातलं त्या साथीचं चित्र एकदा शोधून बघाच. चटयांवर आडवी पडलेली माणसं, अंगभर फोड, एकजण कुशीवर वळायला बघतोय. एका रुग्णाशेजारी एक बाई बसलीय आणि तिच्या तोंडासमोर छोटा वळसा काढलाय. त्या चित्रपद्धतीत तो बोलण्याची खूण. ती त्याच्याशी काहीतरी बोलतेय. सोबतच्या मजकुरात लिहिलंय की लोकांना हलता येईना, कूस बदलता येईना, आणि अन्न करून घालणारं कुणी उरलं नाही म्हणून कितीतरी जण नुसत्या भुकेनं गेले. मी आरोग्य खात्यात काम केलंय, आणि साथीत शुश्रूषा करणारे हात संपले की मृत्यू किती वाढतात हे पाहिलंय. त्या मजकुरातलं ते वाक्य लिहिणाऱ्यानं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असणार, असं मला मनापासून वाटतं.

कोयनाकाठ

पागोळीताई, या प्रतिसादाबद्दल आभार. चित्राबद्दल तर खूपच.

साथीचा वाटा मोठा आहेच, पण तिला पक्ष नव्हता. त्लाश्कालात माशिश्कात्सिन देवीनंच गेला. चाल्कोसारख्या गावांचे राजे गेले. फरक पडला तो दुसरीकडे: इतके राजे एकदम गेल्यावर गादीवर कोण बसणार याचे तंटे उभे राहिले आणि ते तंटे सोडवायला लोक कोर्तेसकडे येऊ लागले. मेशिकांकडे जाऊन मागायचा जो न्याय, तो या उपऱ्याकडे मागायला लागले. आणि एवढं होऊनही शहर पुढच्या उन्हाळ्यात अडीच महिने लढलं, हेही विसरू नये. लोकसंख्या खरी खचली ती पुढे, १५४५ आणि १५७६ च्या महाभयंकर साथींत. तेव्हा लढाई कधीच संपलेली होती.

बुरूज

धागा उत्तम आहे, पण मी असहमत आहे आणि ते नीट मांडतो.

त्लाश्काला एवढं बलाढ्य होतं तर नव्वद वर्षांत त्यांना तेनोच्तित्लानच्या वेशीपर्यंतही का जाता आलं नाही? काहीतरी नवीन आलं म्हणूनच तोल फिरला, आणि ते नवीन म्हणजे स्पॅनिश. मोकळ्या मैदानात घोडेस्वाराला अडवायचं कसं, हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. ७ जुलै १५२० ची ओतुम्बाची लढाई बघा: पळून चाललेल्या, थकलेल्या टोळक्यानं घोड्यांच्या एका मुसंडीत मेशिका सेनापतीचं निशाण पाडलं आणि फौज पांगली. ऑब्सिडियनच्या पात्यांची गदा घोड्याची मान कापेल इतकी धारदार असायची, पण ती काच. पोलादाच्या चिलखतावर तिचा चुरा व्हायचा. शिवाय मेशिकांच्या युद्धात शत्रूला जिवंत धरून आणण्याला मोठा मान. कोर्तेस स्वतः निदान एकदा तरी शत्रूच्या हातात सापडून सुटलाय, कारण त्याला जागच्या जागी मारण्याऐवजी ओढून न्यायचा प्रयत्न झाला.

एप्रिल १५२१ च्या अखेरीस कोर्तेसनं हजेरी घेतली तेव्हा त्याच्याकडे ८६ घोडेस्वार, ११८ तिरंदाज-बंदूकवाले, ७०० वर पायदळ आणि १८ लहानमोठ्या तोफा होत्या. म्हणजे पहिल्या पाचशेंवर तो अडून राहिला नव्हता, कुमक सतत येत होती. त्लाश्काला म्हणजे सगळं सैन्य असेल, पण या हजारभर माणसांशिवाय ते सैन्य घराबाहेर पडलं नसतं.

सावलीतला माणूस

बुरूज यांच्याशी बराचसा सहमत. वाचतोय.

कोयनाकाठ

बुरूज, नव्वद वर्षांचा प्रश्न बिनतोड आहे. त्याचं उत्तर मला असं दिसतं. त्लाश्काला, चाल्को, शोचिमिल्को, तेश्कोकोतला असंतुष्ट गट या सगळ्यांना मेशिका नकोसे होते, पण त्यांचा एकमेकांवरही विश्वास नव्हता. तेश्कोको तर साम्राज्याचा अर्धा खांब. १५१५ मध्ये नेसावाल्पिल्ली वारल्यावर गादी काकामाला मिळाली, त्यामागे मोक्तेसुमाचा हात होता, म्हणून इश्त्लिल्शोचित्ल या भावानं बंड केलं. पुढे हाच इश्त्लिल्शोचित्ल वेढ्यात कोर्तेसच्या बाजूनं लढला. या सगळ्यांना एकत्र यायला असा कुणीतरी हवा होता ज्याचं यातल्या कुणाशीच जुनं वैर नाही. स्पॅनिशांची खरी किंमत तिथे होती, तलवारीइतकीच.

आणि घोडे? शहरातल्या बांधांवर, कालव्यांमधून, मोडलेल्या पुलांवरून त्यांचा फारसा उपयोग झाला नाही. मेशिका फार झपाट्यानं शिकले. जहाजं अडकावीत म्हणून सरोवराच्या तळात खांब रोवले, हाती आलेल्या तलवारी लांब काठ्यांना बांधून घोड्यांवर चालवल्या. जूनच्या शेवटी तर त्यांनी पन्नासहून जास्त स्पॅनिश जिवंत पकडले आणि त्यांची व घोड्यांची मुंडकी शत्रूला दिसतील अशी मांडून ठेवली. त्यानंतर काय झालं ते महत्त्वाचं: बरेचसे मित्रसैनिक निघून गेले. काही दिवस थांबले, वारा कुठे वाहतो ते पाहिलं, आणि मग परत आले. हुकमाचे ताबेदार असं वागत नाहीत. आपल्या बळावर आपला निर्णय घेणारे लोक असं वागतात. शिकोतेंकात्ल तरुणानं याच मोहिमेत साथ सोडली तेव्हा कोर्तेसनं त्याला फाशी दिली; म्हणजे हा धोका किती खरा होता ते कोर्तेसलाही माहीत होतं.

टाक आणि शाई

देवाच्या गोष्टीवर कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. जरा लांबेल.

मोक्तेसुमानं कोर्तेसला केत्साल्कोआत्ल देव समजून राज्य हवाली केलं, ही कथा आपण गृहीत धरतो. पण कोर्तेसच्या पत्रांत केत्साल्कोआत्लचं नावसुद्धा नाही. तिथे आहे ते मोक्तेसुमाचं एक भाषण: आमचे पूर्वज बाहेरून आले, त्यांचा एक सरदार पूर्वेकडे निघून गेला, त्याचे वंशज येऊन आमच्यावर राज्य करतील असं आम्ही मानत आलो, तेव्हा तुमच्या राजाचा शब्द आम्हाला मान्य. हे पत्र कधी लिहिलं ते बघा: ३० ऑक्टोबर १५२०. शहरातून हाकललं जाऊन चार महिने झालेत. मोक्तेसुमा मेलाय. सोनं पाण्यात गेलंय. त्यात क्यूबाचा गव्हर्नर वेलास्केस यानं कोर्तेसची नेमणूकच रद्द केलेली, म्हणजे कायद्यानं तो बंडखोर. अशा माणसाला राजा पाचव्या चार्ल्सला काय पटवायचं होतं? की मोक्तेसुमानं राजीखुशीनं सत्ता तुमच्या पायाशी ठेवली होती. एकदा हे मान्य झालं की मेशिकांनी नंतर केलेली लढाई हे ‘बंड’ ठरतं, आणि बंड मोडणं हा गुन्हा होत नाही. त्या भाषणाचा एकेक शब्द वकिली मसुद्यासारखा वाचावा लागतो.

केत्साल्कोआत्लचं नाव येतं ते दोनेक दशकांनी, फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांच्या लिखाणात. या लोकांची आपल्या धर्माकडे वळण्याची तयारी आधीपासूनच होती, असं त्यांना वाटायला हवंच होतं. मग १५५० नंतर बेर्नार्दिनो दे साहागुन यानं नावात्ल (मेशिकांची भाषा) जाणकारांना हाताशी धरून जो बारा भागांचा ग्रंथ उभा केला (वर उल्लेख आलेला फ्लोरेन्टाइन कोडेक्स), त्याच्या बाराव्या भागात आठ अपशकुन आणि भेदरलेला मोक्तेसुमा सविस्तर येतो. हा ग्रंथ फार मोलाचा आहे. एका रकान्यात नावात्ल, शेजारी स्पॅनिश, मध्ये चित्रं. पराभूतांच्या भाषेत पराभवाची एवढी नोंद जगात फार थोड्या ठिकाणी सापडेल. पण सांगणारे प्रामुख्यानं त्लातेलोल्कोचे होते, तेनोच्तित्लानच्या शेजारचं हे शहर १४७३ मध्ये मेशिकांनीच गिळलेलं. सगळं खापर तेनोच्तित्लानच्या राजावर फुटणं त्यांना सोयीचंच होतं. शिवाय साहागुनचे तरुण सहायक १५३६ मध्ये निघालेल्या विद्यालयात लॅटिन शिकलेले. आकाशातली ज्वाला, वीज पडलेलं मंदिर असले अपशकुन त्यांनी युरोपच्या प्राचीन इतिहासांत वाचले असणं सहज शक्य आहे.

एवढा मोठा घाव बसल्यावर तिसऱ्या-चौथ्या दशकातली मुलं विचारणारच, आपल्या आजोबांना हे कळलं कसं नाही? भित्र्या राजाची कथा त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून रुजली असावी, असं आता बरेच अभ्यासक मानतात आणि मला ते पटतं. मोक्तेसुमा मात्र त्यात नाहक बळी गेला. त्यानं किनाऱ्यावर हेर ठेवले होते, स्पॅनिशांच्या जहाजांची-घोड्यांची चित्रं काढून मागवली होती. शत्रू शहरात आणून डोळ्यांसमोर ठेवणं हा राजकारणातला डावही असू शकतो.

आणि बेर्नाल दियास, ज्याच्या आठवणींवर सगळी रंजक पुस्तकं उभी आहेत, तो स्वतः मोहिमेत होता हे खरं. पण त्यानं लिहिलं ते म्हातारपणी, कित्येक दशकांनी, कोर्तेसच्या पदरचा चरित्रकार गोमारा यानं सगळं श्रेय धन्याला दिलं याचा राग मनात ठेवून. त्याचा ग्रंथ छापला गेला १६३२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. प्रत्येक साक्षीदाराला काहीतरी मिळवायचं होतं, हे धरूनच वाचलं पाहिजे.

पागोळी

वा, हा प्रतिसाद जपून ठेवलाय.

मालिन्त्सिनचा उल्लेख अजून कुणी कसा केला नाही? पोतोंचानच्या लोकांनी हरल्यावर कोर्तेसला वीस बायका नजराणा म्हणून दिल्या, त्यातली ती एक. तिला नावात्ल आणि माया भाषा येत होत्या. जहाज फुटून मायांमध्ये कित्येक वर्षं राहिलेला आगिलार माया आणि स्पॅनिश जाणत होता. मोक्तेसुमा नावात्लमध्ये बोलणार, ती आगिलारला मायात सांगणार, तो कोर्तेसला स्पॅनिशमध्ये. पुढे ती स्वतःच स्पॅनिश शिकली आणि आगिलारची गरज संपली. पुढे तिला कोर्तेसपासून मुलगा झाला, मार्तिन. कोर्तेसनं राजाला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात ती नुसती ‘माझी दुभाषी’, नावाविना. त्लाश्कालाच्या लोकांनी पुढे कापडावर जी चित्रमाला रंगवली तिच्यात मात्र ती जवळजवळ प्रत्येक महत्त्वाच्या प्रसंगात मध्यभागी उभी आहे.

मेक्सिकोत तिच्या नावावर देशद्रोहाचा शिक्का बसला. द्रोह कुणाशी? ती मेशिका नव्हती. लहानपणी तिला गुलाम म्हणून विकलं गेलं होतं. तिच्यावर कुठल्या देशाचं ऋण होतं ते मला तरी कळत नाही, आणि हा शिक्का वाचला की दर वेळी वाईट वाटतं.

रोखठोक

सगळं मान्य, पण मूळ मुद्द्याला कुणी हात घालत नाही. रोज माणसं कापून काळीज देवाला वाहणारी सत्ता होती ती. ती गेली याचं दुःख का करायचं? शेजारी विटले होते म्हणूनच परक्यांना मिळाले, हे धागाकर्तेच सांगताहेत.

अबोली_केरेतारो

रोखठोक, मी नोकरीच्या निमित्तानं मेक्सिकोतच राहते. इथे हा वाद दर वर्षी ऐकते, म्हणून लिहिते.

नरबळी नव्हते असं म्हणणं आता कुणालाच शक्य नाही. मेक्सिको सिटीत कॅथेड्रलच्या मागे, ग्वातेमाला रस्त्यावरच्या एका जुन्या घराखाली २०१५ मध्ये कवट्यांचा मोठा चौथरा सापडला. चुन्यात बसवलेल्या कवट्यांचा गोल बुरूज. २०२० च्या डिसेंबरपर्यंत सहाशेच्या वर कवट्या मोजल्या गेल्या, त्यात बायका आणि मुलंही आहेत. जवळच महामंदिराच्या अवशेषांत दगडी कवट्यांच्या रांगांनी मढवलेला एक चौथरा उघड्यावर दिसतो. मी तिथे उभी राहिलेय, आणि पोटात गोळा येतो. पण १४८७ मध्ये एका सोहळ्यात ८० हजार माणसं मारली वगैरे आकडे कुठल्याच हिशेबात बसत नाहीत.

आणि नरबळी त्लाश्कालातही होते. तिथल्या देवळांतही मेशिका बंदी कापले जात. शेजाऱ्यांनी स्पॅनिशांचा हात धरला तो खंडणी आणि वर्चस्वाच्या रागातून. बळीप्रथा मोडायला नव्हे. नरबळी थांबवायला युद्ध न्याय्य होतं हा युक्तिवाद सेपुल्वेदा या स्पॅनिश पंडितानं १५५०-५१ मध्ये स्पेनमधल्या व्हायादोलिदच्या वादसभेत केला होता, विजयाला तीस वर्षं झाल्यावर. त्याच्यासमोर बार्तोलोमे दे लास कासास हा स्पॅनिश धर्मगुरूच उभा राहिला, ज्यानं या भूमीवर काय चाललंय ते पाहिलं होतं. एका क्रौर्यानं दुसरं धुऊन निघत नाही. मला दोन्हींचं दुःख होतं आणि त्यात मला विसंगती वाटत नाही.

आता इथल्या आजच्या चित्राबद्दल. २०१९ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लोपेस ओब्रादोर यांनी स्पेनच्या राजाला आणि पोपना पत्र लिहून माफी मागायला सांगितलं. स्पेननं साफ नकार दिला. २०२४ मध्ये क्लाउदिया शेनबाउम यांच्या शपथविधीला राजाला आमंत्रण गेलं नाही आणि स्पेननं बहिष्कार टाकला. २०२१ मध्ये, पाडावाला पाचशे वर्षं झाली तेव्हा, ३० जूनच्या त्या रात्री ज्या झाडाखाली कोर्तेस रडला अशी आख्यायिका आहे त्या झाडाचं ‘दुःखी रात्र’ हे नाव बदलून ‘विजयी रात्र’ केलं. पुएन्ते दे आल्वारादो रस्ता आता मेक्सिको-तेनोच्तित्लान झालाय. या सगळ्यात ‘आपण’ म्हणजे मेशिका असं धरलेलं असतं. त्लाश्कालाचे माझ्या कचेरीतले सहकारी अशा वेळी गप्प होतात. लहानपणी ‘गद्दारांचे वंशज’ हे ऐकून मोठे झालेत ते. एकजण मला म्हणाला, ‘आम्ही मेक्सिकोशी गद्दारी केली म्हणतात, पण तेव्हा मेक्सिको होता कुठे?’

अवांतर: त्लातेलोल्कोत जिथे शेवटची लढाई झाली तिथे एक शिलालेख आहे: हा कुणाचा विजय नव्हे की पराभव नव्हे, आजच्या मिश्रवंशी मेक्सिकोचा हा वेदनामय जन्म होता, अशा आशयाचा. त्याच चौकात २ ऑक्टोबर १९६८ ला सरकारनं विद्यार्थ्यांवर गोळ्या चालवल्या. तेव्हा दिल्लीत मेक्सिकोचे राजदूत होते कवी ओक्तावियो पास. त्यांनी निषेध म्हणून ते पद सोडलं.

रोखठोक

अबोली, प्रतिसाद आवडला. त्लाश्कालातही बळी होते हा मुद्दा महत्त्वाचा आहे. शेजाऱ्यांच्या रागाबद्दल तुमचं म्हणणं मान्य. पण साम्राज्य आतून पोखरलेलं होतं, हे तर उरतंच.

मांडवीतीर

धागाकर्त्यांनी मांडलेलं वाचताना गोव्याची आठवण होणं अपरिहार्य आहे, आणि ती ओढूनताणून नाही. १४९४ च्या तोर्देसियासच्या तहानं स्पेन-पोर्तुगालनं जग वाटून घेतलं, त्याच वाटणीची ही दोन टोकं. पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कनं १५१० मध्ये गोवा घेतलं ते तिमय्या या स्थानिक सरदाराच्या सांगण्यावरून आणि त्याच्या माणसांच्या मदतीनं. आदिलशहानं ते काही महिन्यांत परत घेतलं, मग २५ नोव्हेंबरला पोर्तुगीजांनी पुन्हा जिंकलं. तिमय्याला वाटलं होतं गोवा आपल्याला मिळेल. मिळाला महसुलाचा मक्ता, तोही टिकला नाही.

पण साम्य इथे संपतं. देवीसारखे रोग आपल्याकडे आधीपासून होते, घोडे-तोफा होत्या, पलीकडे विजापूर आणि विजयनगर होती. म्हणून पोर्तुगीज तिसवाडी, बारदेश, साष्टी या पट्ट्यातच अडीच शतकं अडकले. फोंडा, पेडणे वगैरे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्या हाती आलं. बुरूज म्हणतात ते नवीन शस्त्र आणि पागोळी म्हणतात ती साथ, या दोन्हींचं वजन कळायला हा फरक उपयोगी पडावा.

बुरूज

मांडवीतीर, हा मुद्दा चांगला आहे. मित्र इथेही होते, पण सोबत साथ आणि शस्त्रांचा फरक नव्हता, म्हणून आत घुसता आलं नाही. त्यामुळे माझं म्हणणं मी सोडत नाही: मित्र आवश्यक होते, पुरेसे नव्हते.

पण एक प्रश्न कोयनाकाठ यांना. त्लाश्कालाचा हिशेब एवढा पक्का होता, तर शेवटी त्यांच्या पदरात काय पडलं? तिमय्यासारखीच गत झाली का?

कोयनाकाठ

बुरूज, ‘आवश्यक होते, पुरेसे नव्हते’ हे मला मान्य आहे.

पदरात काय पडलं? सुरुवातीला बरंच काही. इतर गावं एन्कोमिएन्दात गेली, म्हणजे गावच्या गाव एखाद्या स्पॅनिश सरदाराच्या चाकरीला जुंपलं गेलं. त्लाश्काला थेट राजाच्या अखत्यारीत राहिलं, आपली नगरसभा स्वतः चालवत. तिच्या बैठकींचे वृत्तांत नावात्लमध्ये लिहिलेले आज वाचायला मिळतात. १५३५ मध्ये शहराला ‘एकनिष्ठ’ अशी पदवी आणि मानचिन्ह मिळालं. त्यांचे प्रतिनिधी समुद्र ओलांडून स्पेनच्या दरबारात जाऊन आले. पागोळीताईंनी सांगितलेली कापडावरची चित्रमाला हा त्याच खटपटीचा भाग: बघा, प्रत्येक लढाईत आम्ही होतो. आपण मांडलिक झालो असं त्यांना वाटतच नव्हतं. ते स्वतःला भागीदार समजत होते, आणि माझ्या मते रास्तपणे.

पण भागीदारी टिकवायला दर पिढीला अर्ज लिहावे लागले. शेजारच्या वेशोत्सिंकोचं बघा. तेही पहिल्यापासून कोर्तेससोबत होते. १५६० मध्ये त्यांच्या नगरसभेनं राजा दुसऱ्या फिलिपला नावात्लमध्ये पत्र पाठवलं. आम्ही तुमच्या लोकांना खाऊ घातलं, जखमींना पाठीवर वाहून नेलं, लढलो, श्रेय मात्र त्लाश्कालन घेऊन गेले. आणि आता आमच्यावर इतका कर बसवलाय की गाव ओस पडेल, असा त्याचा मथितार्थ. ते पत्र वाचताना फार कालवाकालव होते, कारण त्यात कुठेही बंडाची भाषा नाही. आपण दिलेला शब्द पाळला, तुम्हीही पाळाल, एवढीच अपेक्षा.

त्लाश्कालाच्या सवलतीही हळूहळू कुरतडल्या गेल्या. स्पॅनिश पशुपालक त्यांच्या जमिनीत घुसले, साथींनी माणसं नेली, कर वाढले. १५९१ मध्ये उत्तरेकडच्या चिचिमेकांच्या मुलखात वसाहत करायला त्लाश्कालाकडे ४०० कुटुंबं मागितली गेली. नगरसभेनं तेव्हाही आधी अटी लिहून घेतल्या: जाणाऱ्यांना आणि त्यांच्या वंशजांना खंडणी माफ, घोड्यावर बसायची मुभा, शस्त्र बाळगायची मुभा. मग बैलगाड्या निघाल्या. साल्तियोच्या शेजारी त्यांनी वसवलेलं सान एस्तेबान दे नुएवा त्लाश्काला हे गाव पुढे दोन शतकांहून जास्त काळ त्याच अटींचा कागद दाखवत आपली पंचायत वेगळी राखून होतं.